तारांत खोचलेल्या नोटा

मिर्को लुकेटिचचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. गजराचं घड्याळ त्याच्या घरात नव्हतं. उठला की डावा हात आधी गरम पाण्याच्या पातेल्यात, पाच मिनिटं. बोटं मिटायला लागली की कॉफी, कालचा पाव, आणि साडेचारच्या आत तो धुलाई कारखान्याच्या फाटकाशी हजर. सतरा वर्षांत त्याला दोनदा उशीर झाला. एकदा नदीला पूर होता, एकदा बायको वारली.

कारखान्यात आसपासच्या सगळ्या इस्पितळांच्या चादरी यायच्या. ओल्या चादरींचा लोळा यंत्रातून ओढायचा तर आधी गुडघे वाकवावे लागतात, मग हात घालायचा. नवा माणूस आधी हात घालतो. आठवड्याभरात त्याची पाठ धरते आणि तो काम सोडून जातो. मिर्को अठ्ठावन्नचा होता आणि त्याची पाठ शाबूत होती. त्याआधी तो पोलादाच्या कारखान्यात होता. तो बंद पडला. मग बाटल्यांच्या, तोही बंद पडला. "धुणं बंद पडत नाही," तो म्हणे. "लोक आजारी पडायचे थांबले तरच."

पण ग्लेनहॉर्न या अमेरिकी गावात त्याला धुलाईवाला कुणी म्हणत नसे. तो बेर्देवाला. तांबुरित्साच्या ताफ्यात पाच जण, पाच तंतुवाद्यं; त्यातलं सगळ्यात थोरलं ते बेर्दे, माणसाहून उंच, चार जाड तारांचं. बाकीची वाद्यं बागडतात, बेर्दे ठेका धरून ठेवतं. ते थांबलं की गोल धरून कोलो नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. मिर्कोने ते बापाकडून घेतलं होतं आणि गावातल्या क्रोएशियन लोकांच्या हॉलचा जिना तो ते एकट्याने खांद्यावर घेऊन चढे. ताफ्यातल्या पोरांनी हात लावलेला त्याला खपत नसे.

पैसे म्हणाल तर लग्नाच्या एका संध्याकाळचे माणशी ऐंशी डॉलर. मिर्को पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा साठ होते. चाळीस वर्षांत घरभाडं सहापट झालं, वाजवणं वीस डॉलरनी महागलं. वरकड मिळे ती नोटांची. नाचणाऱ्याला गाणं भिडलं की तो येतो आणि नोट बेर्देच्या तारांत खोचतो.

मदतीच्या जेवणाला मात्र तीही नाही. ग्लेनहॉर्नात कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं की हॉलमध्ये स्पॅगेटी शिजते. दहा डॉलरला ताट, बायकांनी घरून आणलेल्या बिस्किटांचं लांबलचक टेबल, भेटवस्तूंच्या टोपल्यांची सोडत, आणि ताफा फुकट. तारांतली नोटसुद्धा वर्गणीच्या बादलीत जाते. कर्करोग, मूत्रपिंड, जळालेलं घर, अपघात. तीस वर्षांत मिर्को अशा दीडशे जेवणांना उभा राहिला होता. त्याला त्यात कधी वावगं वाटलं नाही. उलट तो ताठ मानेने सांगे, आमच्याकडे माणूस पडला तर लोक उचलतात.

गेल्या ऑक्टोबरातलं जेवण डॅनिकासाठी होतं.

डॅनिका ताफ्यातल्या फ्रान्योची मुलगी. फ्रान्यो आता नाही. तिच्या बाप्तिस्म्याला मिर्कोने तिला हातांत धरलं होतं, म्हणून तो तिचा कुम. कुम म्हणजे बापाच्या खालोखालचा माणूस. बाप गेल्यावर बापच. एकोणिसाव्या वर्षी तिची गाडी बर्फावरून घसरली आणि छातीखालचं शरीर तिच्या ताब्यातून गेलं. आता ती छत्तीसची होती. हात थोडे चालत, जीभ भरपूर चाले. ताफ्यात ती गायची. आडवं पडून तिला गाता येत नसे, नीट श्वाससुद्धा घेता येत नसे. खुर्चीत ताठ बसवून पोटावर रुंद पट्टा आवळला की मग आवाज येई, आणि असा येई की हॉलच्या मागच्या टेबलावरचे म्हातारे पत्ते खाली ठेवत.

ते बसवण्याचं काम ओडेसा ब्रूअरचं. ती रोज सकाळी सातला येई आणि रात्री निजवायला पुन्हा. पगार एका कंपनीकडून, आणि कंपनीला पैसे सरकारी आरोग्य योजनेतून. ओडेसा पंचावन्नची, बुटकी, मनगटं सुताराची. डॅनिकाला कुशीवर वळवणं, धुणं, अंगावर कुठे लाल डाग नाही ना ते पाहणं, झोळी खाली सरकवून उचलणं, खुर्चीत बसवणं: दोन तास. एकही हालचाल वाया जात नसे. मिर्को क्वचित ते पाहायचा तेव्हा गप्प बसून पाहायचा. काम ओळखणारा माणूस तसाच पाहतो.

गाण्याचे पैसे डॅनिका घेत नसे. तिला घेता येत नसत. नावावर दोन हजार डॉलरहून जास्त असले की सरकारी मदत जाते आणि तिच्यामागून आरोग्य योजनाही. हे तिने कुमला कितीदा तरी सांगितलं होतं. मिर्कोच्या डोक्यात ते असं बसलं होतं की तिने कमावलेलं चालत नाही. दान कुठे कमाई असते?

जेवण होतं गाडीसाठी, खुर्ची आत चढेल अशा गाडीसाठी. हॉलची अध्यक्ष बार्ब पाव्लिक कळवायला गेली तेव्हा डॅनिका म्हणाली, "जेवणं कसली घालताय? मी मेले नाही अजून."

"मेल्यावर घालतो ते वेगळं," बार्ब म्हणाली. "त्यात सोडत नसते."

चारशे माणसं जेवली. डॅनिका दीड तास गायली. निवडणूक तोंडावर होती, म्हणून राज्याच्या विधानसभेतले आमदार डग विटेनमायरही आले. त्यांनी कोट काढला, कोलोत शिरले, दोन बायकांचे पाय तुडवले, हसले, आणि शेवटी वीसची नोट बेर्देच्या तारांत उंचावर खोचली. खोचताना जरा जास्तच वेळ थांबले. फोटो काढणारा सोबत होता.

अकरा हजार चारशे डॉलर जमले. गाडीला ते पुरणार नव्हते. वसंतात आणखी एक जेवण घालायचं ठरलं. तोवर पैसे ठेवायचे कुठे? रिवाजाप्रमाणे हॉलच्या खजिनदाराकडे. पण नऊ वर्षांपूर्वी स्टीव्ह बाबिच खजिनदार असताना एका विधवेसाठी जमलेल्या पैशांतून त्याच्या दारात मोटारबोट आली होती. नदीवर ती फिरताना सगळ्या गावाने पाहिली. बोटीला नाव दिलं होतं 'कृपा'. तेव्हापासून मिर्कोचा हॉलच्या पेटीवर भरवसा नव्हता. फ्रान्यो गेल्यापासून डॅनिकाच्या बँकखात्यावर मिर्कोचीही सही चाले आणि बँकेची कागदपत्रं त्याच्याच घरी येत. सोमवारी पाळी सुटल्यावर तो आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून बँकेत गेला आणि कुम म्हणून त्याच्या हाती सोपवलेले पैसे तिच्या खात्यात भरले. तिचे पैसे तिच्या नावावर. कुणाला बोट दाखवायला जागा नको. कुणाला सांगितलंही नाही. सरळ काम केल्याचं काय सांगायचं?

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी तो घरात शिरतोय तोच फोन वाजला.

"कुम, माझ्या खात्यात किती पैसे आहेत?"

"का गं?"

"सांग ना."

"गाडीचे आहेत तुझ्या. अकरा हजार चारशे. एक सेंट इकडचा तिकडे नाही."

ती अगदी हळू म्हणाली, "इकडे ये."

पत्र दोन पानांचं होतं. मिर्कोने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. नोव्हेंबरपासून डॅनिका मदतीला अपात्र होती. चार महिने दिलेले पैसे परत करायचे होते. आरोग्य योजना बुधवारी संपत होती.

"पण हे लोकांनी दिलेत," तो म्हणाला. "पोरांनी खाऊचे पैसे टाकलेत बादलीत."

"पत्राला बादली माहीत नाही. आकडा माहीत आहे."

"हे कुणाला तरी सांगायला हवं. चूक झालीय त्यांची."

"त्यांची नाही झाली. हॉलच्या खात्यात का नाही ठेवलेस? मला वाटलं, तिथेच आहेत."

"बाबिचची बोट विसरलीस?"

"म्हणून माझ्या नावावर?"

"तुझेच पैसे. याहून सरळ काय असतं?"

डॅनिका हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "इतकी सरळ चूक गावात दुसऱ्या कुणाला जमली नसती, कुम. चोराने घेतले असते तर मी वाचले असते."

मिर्कोने पत्राची घडी घातली, चादरीसारखी, टोकाला टोक लावून. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

ओडेसा दारात कोट घालून उभी होती. ती दुपारी सहसा नसे; पत्राचं ऐकून आली होती. "बुधवारपर्यंत माझं नाव यादीत आहे," ती म्हणाली. "गुरुवारी सातला कंपनी मला दुसरीकडे पाठवेल. कोण उचलणार हिला?"

"मी उचलेन."

"साडेचारला तुम्ही कामावर असता, मिस्टर लुकेटिच."

"पाळी बदलून घेतो."

मुकादमाने पाळी बदलून दिली नाही. सकाळची जागा सोडायची तर कारखाना सोड, बाहेर तीन माणसं रांगेत आहेत, असं तो म्हणाला. तो दुष्ट नव्हता. रांगेत खरंच तीन माणसं होती.

गुरुवारी शेजारच्या दोघी बायका सातला आल्या. त्यांनी डॅनिकाला कॉफी पाजली, तोंड पुसलं. उचलायला घेतलं तेव्हा एकीच्या कमरेत कळ आली आणि दोघी घाबरल्या. मिर्को दुपारी सव्वा वाजता आला तेव्हा डॅनिका आदल्या रात्री आठला निजवली होती तशीच, उताणी होती. सतरा तास. खोलीला वास येत होता. ती छताकडे पाहत होती.

"खिडकी उघड," ती म्हणाली. "आणि काही बोलू नकोस."

त्याने खिडकी उघडली. मग बेर्देखाली घालतो तसे हात तिच्याखाली घातले आणि उचललं.

"आई गं! मान धर माझी. मी बेर्दे नाही."

त्याने तिला खाली ठेवलं. ओल्या चादरींचा लोळा त्याला कधी जड वाटला नव्हता. हे चाळीस-पंचेचाळीस किलोंचं माणूस कुठून धरायचं ते त्याला कळेना. शेवटी डॅनिकाने एकेक सांगितलं. गुडघा वाकव. आता खांदा. आधी चादर ओढ, मला नाही. दोन तासांचं काम तीन तासांत झालं, तेही अर्धंमुर्धं. आणि वळवताना त्याला तो डाग दिसला. माकडहाडावर, डॉलरच्या नाण्याएवढा, लालभडक.

"दाब त्याच्यावर," ती म्हणाली. "पांढरा होतो का?"

त्याने बोट दाबून उचललं. डाग लालच राहिला.

"बरं," डॅनिका म्हणाली. "म्हणजे व्रण धरायला लागलाय."

शुक्रवारी पाळी सुटल्यावर मिर्को आमदारांच्या कार्यालयाकडे निघाला. निघताना पत्रपेटी उघडली तर आत विटेनमायरचंच रंगीत पत्रक. पहिल्या पानावर हॉल, बेर्दे, तारांत नोट खोचणारे आमदार, आणि नोटेच्या मागे मिर्कोचा अर्धा चेहरा. खाली ठळक अक्षरांत: ग्लेनहॉर्नात शेजारी शेजाऱ्याला सांभाळतो. मिर्कोला बरंच वाटलं. म्हणजे यांना आठवतंय. त्याने पत्रक आणि पत्र दोन्ही खिशात घातली.

"या, या, मिर्को!" विटेनमायर टेबलामागून उठून आले. "ते गाणं कुठलं हो, ज्यात सगळे एकदम ओरडतात? माझी बायको रोज गुणगुणते."

मिर्कोने पत्र पुढे ठेवलं. आमदारांनी ते पूर्ण वाचलं. लक्ष देऊन वाचलं. "अरे अरे," ते म्हणाले. "फार वाईट झालं. पण दोन हजारांचा नियम वॉशिंग्टनचा. पस्तीस वर्षांत कुणी हात लावला नाही त्याला. माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात काय आहे?"

"म्हणजे?"

"घरी येणाऱ्या बायकांचा निधी. तो निम्मा राज्याचा असतो म्हणतात. योजना बंद पडली तर मधल्या दिवसांसाठी एक तरतूद येणार होती. ती का नाही आली?"

"ती मतदानात पडली." विटेनमायर खुर्चीत मागे रेलले. "खरं सांगतो, मी विरोधात मत दिलं. का ते विचारा."

"का?"

त्यांनी मिर्कोच्या खिशातून डोकावणारं पत्रक बोटाने दाखवलं. "त्याच्यामुळे. मी सभागृहात तो फोटो वर धरून दाखवला. म्हटलं, बघा हे गाव. कारखाने गेले, पण कण्हत बसलेलं नाही. एका दुपारी अकरा हजार! अशा माणसांना सरकारी कुबड्या देऊन अपमान कशाला करता? काय टाळ्या पडल्या, मिर्को! तुम्ही असायला हवं होतं. तुमच्यासाठी होत्या त्या."

मिर्को त्यांच्याकडे पाहत राहिला. माणूस खोटं बोलत नव्हता. टोमणाही मारत नव्हता. मनापासून खूश होता, आणि तेच मिर्कोला झेपेना. चेहऱ्यावर कुणीतरी ओली चादर टाकावी तसं झालं.

"तेच अकरा हजार आहेत हे," तो म्हणाला. "पत्रातले."

"हो ना, दैव पाहा," विटेनमायर म्हणाले आणि त्याला दारापर्यंत सोडायला आले.

बाहेर येऊन त्याने गाडीतूनच वॉशिंग्टनला फोन लावला. तिथला त्यांच्या भागाचा खासदार दुसऱ्या पक्षाचा, मिर्कोने स्वतः मत दिलेला. फोनवरची मुलगी फार गोड होती. दोन हजारांची मर्यादा वाढवायचं विधेयक साहेबांनी मांडलंय, ती म्हणाली.

"कधी मांडलं?"

"दर दोन वर्षांनी मांडतो आम्ही."

"आणि?"

"आणि मांडतो."

मिर्कोने फोन ठेवला. गाडी सुरू केली नाही. दीडशे जेवणं. प्रत्येकाला तो बेर्दे खांद्यावर घेऊन जिना चढला होता, दुसऱ्या दिवशी पावणेचारला उठला होता, आणि आपण काहीतरी उचलतोय असं समजत होता. ते जेवण कुणाला तरी पुराव्यासारखं वापरता येतं, हे त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत सुचलं नव्हतं. राग येईल म्हणून तो वाट पाहत बसला. राग आला नाही. नुसते कान वाजत होते.

रविवारी दुपारी हॉलमध्ये पुन्हा जेवण होतं, अग्निशमन दलातल्या एकाच्या बायकोच्या केमोसाठी. मिर्को सकाळी डॅनिकाला म्हणाला, "मी नाही जात. पुन्हा फोटो काढतील."

ती कुशीवर होती. शनिवारीही ती खुर्चीत बसली नव्हती. डाग वाढू नये म्हणून तासातासाला कूस बदलायची, एवढंच चाललं होतं. "जा," ती म्हणाली. "तिच्या केमोने तुझं काय घोडं मारलंय?"

"तू गायला नसणार."

"मग जरा मोठ्याने वाजव. इथवर येईल."

तो गेला. तिसऱ्या कोलोला विटेनमायर आले. कोट काढला, हसले, गोल तोडून बेर्देसमोर आले आणि वीसची नोट वरच्या तारांत खोचली. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

मिर्कोने हात थांबवला. बाकीची वाद्यं चार ठेके पुढे गेली आणि एकेक करून गळाली. गोलातले पाय अडखळले, कुणी कुणावर आदळलं. साठ माणसं माना वळवून पाहायला लागली.

मिर्कोने नोट काढली, सरळ केली आणि आमदारांच्या हातात दिली.

"तारेला नोट लागली की आवाज मरतो," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं मरत नव्हता तो?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि लोक हसले.

विटेनमायरही हसले. "बरोबर आहे, कलाकाराचं ऐकायला हवं," असं म्हणून त्यांनी नोट बादलीत टाकली. टाकतानाचा फोटोही निघाला. मिर्कोने पुन्हा ठेका धरला. दुसरं काय करणार?

मध्यंतरात बार्ब पाव्लिकने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्या माणसाने आपल्या हॉलच्या छताला पैसे मिळवून दिलेत. आज त्या बाईचा दिवस होता, तुझा नाही."

"आमच्या डॅनिकाला गुरुवारपासून कुणी उठवलेलं नाही, बार्ब."

"माहीत आहे मला. मग तिच्यासाठी आणखी एक जेवण घालू."

मिर्कोने तिच्याकडे असं पाहिलं की ती हातातली परात घेऊन तशीच उभी राहिली. ती चांगली बाई होती. तिच्याजवळ तेवढा एकच उपाय होता, आणि आठवड्यापूर्वी त्याच्याजवळही तेवढाच होता.

तो परतला तेव्हा ओडेसा डॅनिकाच्या खाटेशी होती. रविवार, तिच्या सुट्टीचा दिवस. चर्चचे चांगले कपडे घातलेले, बाह्या वर सारलेल्या. तिने डॅनिकाला वळवलं होतं, डाग धुऊन कोरडा केला होता आणि आता उशा लावत होती.

"हा फुटला नाही अजून," ती म्हणाली. "आठवडाभर असंच चाललं तर फुटेल. फुटला की इस्पितळ. आणि एकटी राहणारी बाई इस्पितळातून घरी येत नाही, मिस्टर लुकेटिच. तिला नर्सिंग होममध्ये पाठवतात. तिथे हिच्या वयाची माणसं पाहिलीत मी, भिंतीकडे तोंड करून निजवलेली."

"मी ऐकते आहे हं," डॅनिका म्हणाली.

"ऐकावंस म्हणूनच बोलतेय." ओडेसा मिर्कोकडे वळली. "योजना पुन्हा चालू व्हायला किती दिवस लागतील?"

"खातं रिकामं करायचं, पावत्या द्यायच्या, मग अर्ज. तीन महिने धरा म्हणाले."

"कंपनीने मला कामाला नवं घर दिलंय, साडेनऊपासून. सात ते नऊ माझी मी; रात्री निजवायचं तुम्हाला शिकवते. बसने इथून तिथे वेळेत पोचते."

मिर्को लगेच पुढे झाला. "ओडेसाबाई, तुमचे उपकार मी—"

"उपकार कसले? तासाला वीस डॉलर."

तो खाटेच्या कडेला टेकला.

"कंपनी मला तेरा देते आणि माझ्या नावावर सत्तावीस घेते. मी वीस मागते. फुकट येणारी बाई पहिल्या बर्फाला घरी बसते, आणि तिला कुणी बोलूही शकत नाही. मला पैसे द्या, म्हणजे मला यावंच लागेल. सात म्हणजे सात."

"आणि कंपनीला कळलं तर?"

"मी शेजारीण म्हणून येतेय. शेजारी शेजाऱ्याला सांभाळतो म्हणे. तुमच्याच फोटोखाली लिहिलंय."

डॅनिका उशीत तोंड खुपसून हसली, खोकली, पुन्हा हसली. मिर्को हसला नाही. तो आकडा मांडत होता. आठवड्याचे दोनशे ऐंशी. हातात येणाऱ्या पगाराचा अर्ध्याहून जास्त भाग. "ठीक आहे," तो म्हणाला. "रविवारीसुद्धा?"

"डाग रविवार पाळतो का? आणि एक. पैसे हिच्या हातात द्यायचे नाहीत, खात्यात नाही, टेबलावरसुद्धा ठेवायचे नाहीत. माझ्या हातात. एवढं तरी शिका."

"शिकलो," मिर्को म्हणाला.

सोमवारी तो मुकादमाकडे गेला आणि रविवारची पाळीही मागून घेतली. ती मिळाली, रविवारी कुणी यायला तयार नसे. जेवणांना जायचं त्यानंतर जमलंच नाही. हॉलने बेर्देसाठी दुसरा माणूस पाहिला, बाटल्यांच्या कारखान्यातल्या एकाचा भाचा. बरा वाजवतो, असं मिर्को सांगे. डावा हात कच्चा आहे.

अकरा हजार चारशेमधून सरकारने चार महिन्यांचे परत घेतले. उरलेल्यातून डॅनिकाच्या न्हाणीघराचा उंबरा फोडला, दार रुंद केलं, खुर्ची आत जाईल असं केलं, कारण तेवढा खर्च नियमात बसत होता. गाडी राहिली. पावत्या दोनदा हरवल्या, तिसऱ्यांदा मिर्कोने त्या कार्यालयात जाऊन बाईच्या हातात दिल्या आणि तिने शिक्का मारेपर्यंत उभा राहिला.

अकरा आठवडे लागले. एका सकाळचे चाळीस डॉलर म्हणजे हातात पडणाऱ्या पगाराचे तीन तास होतात. साडेचार ते साडेसात मिर्को यंत्रातून ओल्या चादरी ओढे ते त्या चाळीस डॉलरांसाठी. त्यानंतर घरभाडं, गॅस, पाव. तो साडेसातला एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाही. त्या वेळी तिकडे ओडेसा गुडघा वाकवून, खांदा धरून डॅनिकाला वळवत असे. डागाचा लाल रंग तिसऱ्या आठवड्यात उतरला, पाचव्यात कातडी साफ झाली. पट्टा आवळून ती नऊच्या आत खुर्चीत बसे आणि खिडकीशी स्वर लावी. एप्रिलच्या अखेरीला रस्त्यावरचे लोक पुन्हा थांबून ऐकायला लागले होते.

मेच्या पहिल्या आठवड्यात योजना चालू झाल्याचं पत्र आलं. तोवर मिर्को लुकेटिचच्या पगारातून सत्त्याहत्तर सकाळी झाल्या होत्या. ओडेसाने त्यांतली एकही चुकवली नाही, आणि एकीचेही पैसे सोडले नाहीत.